खांदा आधी, रंग मागाहून

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले आणि नेमणुकीची बातमी वाचून मनापासून आनंद झाला. पुढच्या महिन्यात रुजू व्हायचे आहे, कार्यालयात सूट घालावा लागतो असे कळले आहे, एका दुकानात मोठी सवलत लागली आहे आणि तिथून एकदम चार सूट घेऊन हा विषय कायमचा मिटवून टाकावा, असा तुझा बेत आहे. तर कोणते रंग घ्यावेत, एवढेच तू विचारले आहेस. रंगाचे उत्तर मी देईनच, पण त्याआधी तो बेतच तू बदलावास, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. आत्ता एकच सूट घे. तो अंगाला नीट बसेपर्यंत शिंप्याकडे दोन काय, तीन फेऱ्या घालाव्या लागल्या तरी घाल. तो तीन-चार महिने वापरून झाल्यावर दुसरा घे, आणि तिसऱ्याचा विचार वर्षभर तरी मनात आणू नकोस.

एकदम चार घेण्यातली अडचण अशी की ते चारही आपण सारख्याच अजाणतेपणी घेतो. दुकानातल्या आरशासमोर माणूस पाच मिनिटे ताठ उभा असतो. कार्यालयात मात्र तो आठ-नऊ तास बसतो, वाकतो, हात लांब करून टेबलावरचे कागद पुढे सरकवतो, खांद्याला पिशवी अडकवून गर्दीतून प्रवास करतो. कोट काखेत कुठे काचतो, बसल्यावर पँट मांडीवर किती ताणली जाते, फोन कोणत्या खिशात ठेवला की कोटाचा पुढचा भाग लोंबू लागतो, या गोष्टी काही दिवस वापरल्याशिवाय कळत नाहीत, आणि त्या कळल्यानंतर घेतलेला दुसरा सूट पहिल्यापेक्षा सहसा चांगला निघतो. शिवाय तुझ्या कार्यालयाची खरी रीत तुला अजून ठाऊक नाही. नियमावलीत ‘औपचारिक पोशाख’ असे लिहिलेले असते आणि प्रत्यक्षात लोक वेगळ्या रंगाच्या पँटवर नुसता कोट घालून येत असतात. किंवा नियम काहीच नसतो, पण बाहेरच्या लोकांबरोबर बैठक असली की सगळे पूर्ण सुटात दिसतात. रुजू होण्याआधी कागदपत्रांसाठी तिथे एखादी फेरी होणार असेल, तर तुझ्याहून दोन पायऱ्या वरची माणसे साध्या कामाच्या दिवशी काय घालतात ते बारकाईने पाहून ये. रोजच सूट लागतो असे दिसले तर पहिल्या सुटावर त्याच कापडाची दुसरी पँट घे आणि दुसरा सूट तीन-चार महिन्यांऐवजी तीन-चार आठवड्यांनी घे. पण पहिला वापरल्याशिवाय दुसरा घ्यायचा नाही, हा क्रम मोडू नकोस.

हा आग्रह अनुभवातून आलेला आहे. माझा पहिला सूट मी मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात घाईने घेतला होता. काळा रंग, चकाकणारे कापड, आणि खांद्यात जवळजवळ दोन बोटे मोठा. विकणाऱ्याने सांगितले की खांदा नंतर आत घेता येईल, आणि मला त्यातले काहीच कळत नसल्यामुळे मी ते खरे मानले. पुढे ज्या वयस्क शिंप्याकडे मी तो नेला, त्यांनी कोट उलटा करून आतून पाहिला, बाहीचा जोड बोटांनी चाचपला आणि शांतपणे म्हणाले, “खांदा घ्यायचा तर बाही पूर्ण उसवावी लागेल, आतली गादी कापावी लागेल आणि कॉलरही जागेवरून हलेल. एवढे करून हा कोट तुमच्या मापाचा होईल, असा शब्द मी देऊ शकत नाही.” नोकरी मिळाली, पण दुसरा सूट घेण्याइतके पैसे नव्हते, म्हणून तोच कोट मी दीड वर्ष घातला. बैठकीत काही सांगायला हात उचलला की सगळा कोट मानेपर्यंत वर चढे. हळूहळू मी हात उचलणेच कमी केले. अंगावरच्या कपड्यापायी माणूस बोलायचा थांबतो, हे मी भोगलेले आहे. तुझ्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे पत्र थोडे लांबणार आहे.

तेव्हा दुकानात पाऊल टाकलेस की कापड, रंग आणि किंमत यांच्या आधी खांदा पाहा. बाही जिथे कोटाला जोडलेली असते ती शिवण तुझ्या खांद्याचे हाड संपते तिथेच आली पाहिजे. ती पलीकडे गेली तर बाहीच्या वरच्या टोकाखाली खळगा पडतो. अलीकडे राहिली तर दंडाचा गोलवा कापडातून बाहेर आल्यासारखा दिसतो आणि पाठीवर ओढ बसते. एक सोपी परीक्षा आहे: भिंतीजवळ बाजूने उभा राहा आणि हळूच तिच्यावर रेल. दंड टेकण्याच्या आधी खांद्याची गादी भिंतीला लागून दबली, तर तो कोट तुला मोठा आहे, आणि तो तिथेच काढून ठेवावा. खांद्याच्या बाबतीत ‘नंतर बघू’ हे उत्तर कुणाकडूनही स्वीकारू नकोस.

खांद्यानंतर मान. कोटाची कॉलर मागच्या बाजूने शर्टाच्या कॉलरला टेकून राहिली पाहिजे. दोहोंमध्ये फट दिसत असेल तर तो कोट तुझ्या पाठीच्या ठेवणीशी जुळत नाही असे समज. आरशात माणूस स्वतःला समोरून पाहतो, त्यामुळे ही फट त्याला कधीच दिसत नाही, आणि मागे बसलेल्या प्रत्येकाला मात्र दिसते. बरोबर कुणाला तरी ने आणि पाठीमागून फोटो काढायला सांग. मग वरचे बटण लाव. बटणापासून चारी दिशांना तिरप्या सुरकुत्या ताणल्या गेल्या तर कोट पोटावर घट्ट आहे. छातीवरच्या लॅपल, म्हणजे कॉलरखाली बाहेर दुमडलेल्या दोन पट्ट्या, बाहेरच्या बाजूला फुगून आल्या तर तो छातीत अपुरा आहे. बटण लावलेले असताना तळहात सपाट ठेवून आत सहज सरकावा आणि मूठ वळली की कापड किंचित ताणले जावे, एवढीच मोकळीक पुरे.

काखेच्या घेराबद्दल बहुतेकांची समजूत उलटी असते, आणि ती बरीच वर्षे माझीही होती. घेर मोठा म्हणजे हात हलवायला सोय, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात घेर जितका खोल, तितकी बाही खाली, कोटाच्या कुशीला जोडलेली असते. हात उचलला की ती कूस वर ओढली जाते आणि तिच्याबरोबर सगळा कोट वर येतो. घेर काखेलगत असला की हात वर गेला तरी कोट जागचा हलत नाही. माझ्या त्या काळ्या कोटाचे अर्धे दुखणे या खोल घेरात होते. म्हणून कोट घालून पाहताना नुसता उभा राहू नकोस. खुर्चीवर बस, समोरच्या काल्पनिक टेबलावर दोन्ही हात ठेव, फोन कानाला लावल्यासारखा हात वर ने, खाली पडलेली वस्तू उचल. दुकानातली माणसे पाहत असतील तर पाहू देत. घेर थोडा लहान असला तर शिंपी तो वाढवू शकतो. मोठा असला तर कापून गेलेले कापड परत येत नाही, आणि त्यावर करण्यासारखे फारसे काही उरत नाही.

लांबीविषयी एक अंदाज पुरेसा आहे. मानेच्या मागे कॉलर जिथे शिवलेली असते तिथपासून जमिनीपर्यंतच्या अंतराच्या साधारण निम्म्यावर कोट संपावा आणि बैठकीचा भाग झाकला जावा. आखूड कोटांची लाट अधूनमधून येते. पहिल्या सुटात तिच्या मागे जाऊ नकोस. लांब कोट कापून आखूड करणे हाही उपाय नव्हे, कारण खिसे आणि बटणे होती तिथेच राहतात आणि कोटाचा सगळा तोल बिघडतो. निर्धास्तपणे बदलता येतात त्या गोष्टी थोड्या आहेत: बाहीची लांबी, कोटाची कंबर, पँटची कंबर, पँटची लांबी. बाही इतकी असावी की हात खाली सोडल्यावर शर्टाचा कफ एक ते दीड सेंटिमीटर दिसेल. मात्र बाहीच्या टोकाशी असलेल्या बटणांना खरोखर उघडणारी काजे असतील तर बाही खालून आखूड करता येत नाही, ती वरून, खांद्यापासून उसवावी लागते आणि ते काम नाजूक असते. नुसती शोभेची बटणे असलेली बाही पहिल्या सुटाला जास्त सोयीची. पँट उलटी करून मागच्या मधल्या शिवणीत किती कापड दाबलेले आहे तेही पाहा. दोन-तीन सेंटिमीटर शिल्लक असेल तर उद्या वजन वाढले तरी पँट वाढवून घेता येईल.

आता कापड. शंभर टक्के लोकरीचे घे. लोकर म्हणजे थंडीचे कापड, ही समजूत स्वेटरमुळे झालेली आहे. सुटाचे कापड बहुधा ज्या धाग्याचे असते त्याला वर्स्टेड म्हणतात. हे नाव इंग्लंडमधल्या नॉरफोक परगण्यातल्या वर्स्टेड या गावावरून आले आहे. हा धागा करताना लोकर विंचरून आखूड तंतू काढून टाकतात आणि लांब तंतू एका दिशेने लावून पीळ देतात, म्हणून कापड गुळगुळीत, पातळ आणि मजबूत होते. लोकरीच्या तंतूला जात्याच नागमोडी वळण असते, त्यामुळे दिवसभर चुरगळलेला कोट रात्री हँगरवर लटकवला की बऱ्याचशा सुरकुत्या आपोआप उतरतात. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश ओलावा शोषूनही हाताला ओली लागत नाही. घाम येणाऱ्या माणसाला याचा किती आधार असतो ते तुला लवकरच कळेल. पॉलिस्टर असा ओलावा शोषत नाही. ते उष्णता आणि वास धरून ठेवते आणि दिव्यांच्या उजेडात चमकते. पैसे अगदीच कमी पडत असतील तर थोडे पॉलिस्टर मिसळलेले लोकरी कापड चालेल, पण लोकरीचा भाग निम्म्याहून बराच जास्त असू दे, आणि आतल्या चिठ्ठीवर छापलेले प्रमाण स्वतः वाचून घे.

त्या चिठ्ठीवर किंवा बाहीवर तुला ‘सुपर १००’, ‘सुपर १२०’, ‘सुपर १५०’ असे आकडे दिसतील, आणि आकडा मोठा तेवढे कापड उंची, असे तुला सांगण्यात येईल. हा आकडा फक्त तंतूच्या बारकाईचा आहे. त्याचे मूळ जुन्या इंग्रजी मोजणीत आहे: एक पौंड लोकरीपासून ५६० यार्डांच्या किती लडी कातता येतात, ती संख्या म्हणजे त्या लोकरीचा नंबर. आता इंटरनॅशनल वूल टेक्स्टाइल ऑर्गनायझेशनने प्रत्येक आकड्याला तंतूच्या जाडीची कमाल मर्यादा ठरवून दिलेली आहे. सुपर १०० साठी ती १८.७५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आहे आणि सुपर १५० साठी १६.२५ मायक्रॉन. तंतू जितका बारीक तितके कापड मऊ आणि झुळझुळीत, हे खरेच. पण तितकेच ते नाजूकही. रोज खुर्चीवर घासली जाणारी पँट सुपर १५० ची असेल तर ती लवकर विरते आणि तिच्यात सुरकुत्याही पटकन बसतात. तुला १०० ते १२० च्या दरम्यानचे कापड हवे, आणि त्याहून मोठ्या आकड्यासाठी एक पैसाही जास्त मोजू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आकड्यापेक्षा कापडाचे वजन जास्त उपयोगाचे, आणि ते फारसे कुणी विचारत नाही. तू विचार. मीटरमागे २६० ते ३०० ग्रॅम वजनाचे कापड वर्षातले बहुतेक महिने वापरता येते आणि त्याची घडीही चांगली पडते. जिथे बाराही महिने उकाडा असतो तिथे २२० ते २५० ग्रॅमचे, साध्या आणि मोकळ्या विणीचे घ्यावे. उजेडासमोर धरले तर त्यातून बारीक छिद्रे दिसतात आणि वारा खेळतो. ३४० ग्रॅमच्या पुढची कापडे कडक थंडीसाठी. वजन सांगता येत नसेल तर बाहीचे टोक मुठीत घट्ट दाबून दहापर्यंत मोज आणि सोड. कापड लगेच सावरले तर ते ठीक. चुरगळलेल्या कागदासारखे राहिले तर पुढे जा.

कोटाच्या पोटात काय आहे, हेही पाहण्यासारखे असते. बाहेरचे कापड आणि अस्तर यांच्यामध्ये छातीवर एक तिसरा थर असतो, ज्यामुळे कोटाला आकार राहतो. चांगल्या कोटात हा थर घोड्याचे केस आणि लोकर किंवा सूत यांपासून विणलेल्या कॅनव्हासचा असतो आणि तो टाक्यांनी जोडलेला असतो, त्यामुळे वापरता वापरता तो अंगाच्या वळणाने बसत जातो. स्वस्त कोटात तिथे गोंद लावलेले कापड उष्णतेने चिकटवलेले असते, ज्याला फ्यूजिंग म्हणतात. फ्यूजिंग म्हणजे फसवणूक नव्हे. हल्लीचे चांगले फ्यूजिंग बरीच वर्षे टिकते. पण ते निकृष्ट असेल तर वारंवारच्या ड्रायक्लीनिंगने आणि वाफेने गोंद सुटतो आणि छातीवर फोड आल्यासारखे कापड फुगते, आणि त्याला उपाय नसतो. ओळखायचे असे: सर्वांत खालच्या काजाजवळ बाहेरचे कापड एका हाताच्या चिमटीत आणि अस्तर दुसऱ्या हाताच्या चिमटीत धरून हलकेच एकमेकांपासून दूर ओढ. मध्ये तिसरा सुटा थर सरकताना जाणवला तर कॅनव्हास आहे. बाहेरचे कापड जाड आणि एकसंध लागले तर फ्यूजिंग. छातीपर्यंतच कॅनव्हास असलेला कोट, ज्याला हाफ कॅनव्हास म्हणतात, तो तुझ्या कामाला सर्वांत योग्य; मात्र त्यात कॅनव्हास खालपर्यंत येत नसल्याने चिमटीची परीक्षा छातीवर, लॅपलच्या मागेही करून पाहा. परवडत नसेल तर फ्यूजिंगचा, पण खांद्यात अचूक बसणारा कोट घे. कॅनव्हासचा पण खांद्यात चुकलेला कोट मुळीच घेऊ नकोस.

आता तुझ्या प्रश्नाचे उत्तर. पहिला सूट गडद निळा, ज्याला नेव्ही म्हणतात तो. दुसरा मध्यम ते गडद करडा. दोन्ही बिनरेघांचे, बिनचौकटीचे. काळा नको: तो संध्याकाळच्या समारंभांना आणि पाश्चात्त्य रीतीच्या अंत्यसंस्काराला शोभतो, दिवसाच्या उजेडात चेहरा निस्तेज करतो आणि धुळीचा प्रत्येक कण दाखवतो. रेघा किंवा चौकटी नकोत, कारण नक्षी लोकांच्या लक्षात राहते. साधा निळा सूट आठवड्यातून तीनदा घातलास तरी कुणी मोजत बसणार नाही. चौकटीचा दुसऱ्याच दिवशी ओळखला जाईल. दोन बटणांचा, सिंगल ब्रेस्टेड (म्हणजे बटणांची एकच रांग असलेला), साधी खाच असलेल्या लॅपलचा कोट घे. खालचे बटण कधीच लावायचे नाही, कारण कोटाचा पुढचा भाग ते उघडे राहील अशा हिशेबानेच कापलेला असतो, आणि बसताना वरचेही सोडायचे.

तयार घ्यावा की शिवून, हे तुझ्या अंगकाठीवर ठरव. तयार कोटाचे माप छातीवरून असते: इंची पद्धतीत ४० म्हणजे ४० इंच छाती, तर युरोपीय पद्धतीत छातीच्या सेंटिमीटरचा निम्मा आकडा छापतात, म्हणून तेच माप तिथे ५० असते. बरेचदा कोट आणि पँट जोडीनेच विकतात आणि पँटची कंबर कोटाच्या आकड्याहून सहा इंचांनी लहान धरलेली असते. तुझ्यासारख्या रुंद छातीच्या आणि बारीक कंबरेच्या तरुणाला ती पँट ढगळ होते, आणि ती फार आत घेतली की मागचे दोन खिसे एकमेकांना भिडतात. तेव्हा कोट आणि पँट वेगवेगळ्या मापांत निवडू देणारे दुकान शोध. तयार कोट खांद्यात बसत असेल तर तोच घेऊन बाकीचे दुरुस्त करून घेणे स्वस्त आणि खात्रीचे, कारण तो घेण्याआधी अंगावर दिसतो. तुझा एक खांदा दुसऱ्यापेक्षा उतरता असेल किंवा पाठीला बाक असेल, तरच माप देऊन शिवून घे. काहीही केलेस तरी ठरवलेल्या रकमेचा पाचवा हिस्सा दुरुस्तीसाठी वेगळा काढून ठेव आणि तो नाही असे समजूनच सूट निवड. सवलतीच्या दुकानात नेमका हाच हिस्सा आणखी एका सुटावर खर्च होतो.

पँटबद्दल थोडेच. सुटाचे आयुष्य पँट संपवते. ती बैठकीवर आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला विरते, तेव्हा कोट अजून नवा असतो. म्हणून त्याच कापडाची दुसरी पँट मिळत असेल तर ती कोटाबरोबरच घे, कारण नंतर मागवलेल्या कापडाचा रंग तंतोतंत जुळेलच असे नसते. पँट पट्ट्याशिवाय कंबरेवर राहिली पाहिजे, उभे असताना बाजूचे खिसे उघडे पडता कामा नयेत, आणि तिचे टोक बुटावर हलकेच टेकून समोर एक बारीक मोड पडावी. सुटाचा कोट दुसऱ्या पँटवर घालायची सवय लावू नकोस, आणि ड्रायक्लीनिंगला कोट आणि पँट नेहमी एकत्रच दे. नाहीतर वर्षभरात दोन्हींचे रंग वेगळे दिसू लागतात.

तुझी बहीणही याच वर्षी नोकरीला लागते आहे असे तू लिहिले आहेस, तर तिला सांग की खांदा, काख आणि कापड यांचे नियम तिलाही जसेच्या तसे लागू आहेत. फक्त तिने खिसे खरे आहेत की नुसती शिवलेली पट्टी आहे ते पाहावे, आणि जॅकेट व पँट वेगवेगळी विकत असतील तर दोन्ही एकाच वेळी घेऊन दिवसाच्या उजेडात शेजारी धरून पाहावीत.

सूट घरी आला की घालण्यापूर्वी कात्री घेऊन बस. कोटाच्या मागच्या फटीवर फुलीसारखा घातलेला दोरा, खांद्यावरचे कच्चे टाके आणि बाहीवर बाहेरून लावलेली कंपनीची चिठ्ठी या गोष्टी फक्त विक्रीपुरत्या असतात. त्या अलगद काढून टाक. बाहेरचे खिसे शिवलेले असतील तर बाजूचे दोन शिवलेलेच राहू दे, म्हणजे त्यांत काही कोंबण्याचा मोह होणार नाही आणि कोट लोंबणार नाही.

निगा राखणे कष्टाचे नाही, फक्त रोजचे आहे. संध्याकाळी खिसे रिकामे कर, कोट रुंद खांद्याच्या लाकडी हँगरवर लटकव, मऊ ब्रशने वरून खाली धूळ झाड, आणि तोच सूट दुसऱ्या दिवशी घालू नकोस, कारण लोकरीला ओलावा सोडायला आणि मूळ आकारात यायला एक दिवस लागतो. सुरकुत्या राहिल्या तर वाफ दे. इस्त्री करावीच लागली तर मध्ये ओलसर सुती कापड ठेव; उघडी इस्त्री फिरवली की लोकर चपटी होऊन चकाकू लागते आणि ती चकाकी सहजासहजी जात नाही. ड्रायक्लीनिंग वर्षातून दोन-तीनदा किंवा डाग पडला तरच, कारण दर खेपेला कापडाचे थोडे आयुष्य खर्च होते. मात्र बरेच महिने ठेवून द्यायचा असेल तेव्हा आधी स्वच्छ करूनच ठेव. कसर लागते ती पतंगामुळे नव्हे, त्याच्या अळ्यांमुळे, आणि घामाचे नि खाण्याचे डाग असलेली लोकर त्या आधी खातात.

शर्ट पांढरे आणि फिकट निळे, बूट काळे आणि नाडीचे, पट्टा बुटाच्या रंगाचा; याहून जास्त विचार पहिल्या वर्षी नको. एवढेच लक्षात ठेव की शर्टाचे कॉलर आणि बाही चुकीच्या मापाचे असतील तर कोटाचे माप ठरवताच येत नाही, म्हणून शर्ट सुटाच्या आधी घ्यावा लागतो.

येत्या सुट्टीच्या दिवशी जा, पण सकाळी लवकर, म्हणजे गर्दी नसेल आणि शिंप्याला वेळ असेल. ट्रायलला जाताना कार्यालयात घालणार आहेस तोच शर्ट आणि तेच बूट घाल, खिशात फोन आणि पाकीट ठेव. टाचण्या लावून झाल्या की फोटो काढून मला पाठव: एक बाजूने, एक पाठीमागून, आणि एक खुर्चीवर बसून दोन्ही हात पुढे टेकवलेला. मी उत्तर देईपर्यंत कापडाला कात्री लावू देऊ नकोस.

तुझा हितचिंतक